वन्सं, तुमचं सुतक

वन्सं, तुमचं सुतक मी पाळलं. दहाच्या दहा दिवस.

आधीच सांगून टाकते, कारण तुमची सवय मला माहीत आहे. कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की तुम्ही हात वर करून थांबवायचात आणि म्हणायचात, "मेलं कोण आन् तरलं कोण त्ये आदी सांग, मंग बाकीचं निवांत ऐकतो." तर मेलात तुम्ही. तरलं कोण, ते मला अजून नीट ठरवता येत नाही.

देव्हाऱ्यावर पांढरं फडकं टाकलं. दहा दिवस भाजीला फोडणी नाही, माझ्या डोक्याला तेल नाही, यांच्या दाढीला वस्तरा नाही. शेजारच्या वहिनींनी जिन्यात गाठून विचारलं, "कोण गेलं हो?" मी म्हटलं, "नणंद." "नाव काय त्यांचं?" "रूथ." वहिनी दोन पायऱ्या उतरल्या, परत दोन चढून आल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ख्रिश्चन?" मी म्हटलं, "म्हणजे नणंद."

तुमच्या पाळकांनाही समजावून सांगावं लागलं, बरं का. दफन झाल्यावर ते जवळ येऊन फार मायेनं म्हणाले, "ताई, आमच्यात सुतक नसतं. त्या प्रभूमध्ये निजल्यात. दुःख करा, पण बंधन मानू नका." मी म्हटलं, "तुमच्यात नसेल. आमच्यात असतं, आणि त्या आमच्यातल्या पण आहेत." माणूस भला आहे. त्यांनी वाद घातला नाही, फक्त मान हलवली. तुम्ही असता तर घातला असतात, आणि माझी बाजू घेतली असतीत की त्यांची, याची मला आजही खात्री नाही.

आपलं नातं कुणी विचारलं की तुम्ही फळ्यावर खडूनं लिहिल्यासारखं सांगायचात. शेवटी मास्तरीणच. मीही मास्तरीण, त्यामुळे मला ते पाठ आहे. तुमचे आजोबा आणि यांचे आजोबा सख्खे भाऊ. थोरला सखाराम, धाकटा यशवंत. पेठ वडगावपासून हाकेच्या अंतरावरचं गाव, एक विहीर, एक चूल. थोरल्यानं धर्म बदलला आणि तो समुद्रापार आफ्रिकेत गेला. धाकटा इथंच राहिला. थोरल्याची नात तुम्ही, धाकट्याचे नातू हे. यात कोडं कसलं आहे? पण आपल्या भावकीनं शंभरावर वर्षं त्याचं कोडं करून ठेवलं होतं.

सखारामाची गोष्ट तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलीत ती चटणीच्या मिरच्यांचे देठ खुडताना. दोघींचे हात भगभगत होते, डोळ्यांना पदर लावायचीही सोय नव्हती. प्लेगच्या साली गाव ओस पडलं. लोक रानात झोपड्या घालून राहायला गेले. सखारामाची बायको काखेत गाठ घेऊन घरात पडली. भावकीतलं कुणी उंबऱ्यापर्यंत आलं नाही. कोल्हापूरहून मिशनची एक गोरी बाई आणि एक मराठी ख्रिस्ती मास्तर बैलगाडीनं आले. त्यांनी तिला पाणी पाजलं, अंग पुसलं, लुगडं बदललं. तरी ती वाचली नाही. उचलायला चार खांदे पाहिजेत, तर सखाराम, मास्तर आणि गाडीवान धरून तीनच झाले. चौथ्या बाजूला ती बाई वाकली.

"ज्येनी खांदा दिला ती माजी भावकी, असं आजा म्हनला," तुम्ही सांगितलंत, "आन् त्येंच्यासंगट गाडीत जाऊन बसला."

मी म्हटलं, "म्हणजे रागानं गेले."

तुम्ही मिरची खाली ठेवलीत. "राग वर्सभर टिकतो का गं? वर्सभर त्यो मिशनात सुतारकी शिकला, वाचाय शिकला, पुस्तक वाचलं, मंग बाप्तिस्मा घेतला. रागानं मानूस घर सोडतंय. देव सोडाय इश्वास लागतो."

यावर आपण किती वेळा भांडलो! मी म्हणायची राग, तुम्ही म्हणायचात विश्वास. आता तुम्ही नाही म्हणून मी माझं म्हणणं जिंकलं असं समजू नका. मी अजून रागावरच ठाम आहे.

बाप्तिस्म्याची बातमी गावात पोचली तशी भावकी बसली. पिठाचा पुतळा केला, त्याला सखाराम नाव दिलं आणि ओढ्याकाठी सरण रचून जाळला. सखारामाला मूल नव्हतं, म्हणून अग्नी दिला धाकट्या यशवंतानं. नंतर सगळ्या भावकीनं दहा दिवस रीतसर सुतक पाळलं. ज्याचं सुतक, तो माणूस त्या वेळी कोल्हापुरात एका फळीला रंधा मारत होता. कुणीतरी जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला म्हणे, "मेलेल्या मानसाचं हितं काय काम?" रेल्वेच्या कामाला सुतार पाहिजेत म्हणून मोंबासाला माणसं चालली होती. त्यात तो गेला. पुढं किसुमूला, मोठ्या तळ्याच्या काठी, त्यानं घर केलं, दुसरं लग्न केलं, तिथल्याच एका मराठी ख्रिस्ती परिचारिकेशी. आणि मेलेल्या त्या माणसाचा वंश चांगला तीन पिढ्या वाढला.

पण मला तुमची बेंदराची गोष्ट सगळ्यांत आवडते. सखाराम तिकडं दर वर्षी बेंदराला मातीचे बैल करायचा, पोरांकडून रंगवून घ्यायचा, त्यांना पोळी दाखवायचा. तुमच्या वडिलांनी तेच चालवलं. त्यामुळे दहा वर्षांच्या होईपर्यंत तुमची समजूत होती की बेंदूर हा बायबलमधलाच सण आहे. शाळेतल्या गोऱ्या मास्तरणीनं ख्रिस्ती सणांची नावं लिहायला सांगितली, तर तुम्ही नाताळ, ईस्टर आणि तिसरं बेंदूर लिहिलंत. मास्तरणीनं त्यावर फुली मारली. तुम्ही घरी येऊन वडिलांशी भांडलात, की बाईंना काहीच येत नाही. हे सांगताना तुम्ही हसून हसून खोकायला लागायचात. मी पाठ थोपटायची आणि मला वाटायचं, या बाईला परकी म्हणायला माणसाची जीभ फार जड पाहिजे.

ती जड जीभ तुम्हाला भेटली अकरा वर्षांपूर्वी. निवृत्त झालात, एकट्या होतात, किसुमूचं घर भाच्याच्या हवाली केलंत आणि कोल्हापुरात येऊन आमच्या घरामागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्यात. पहिल्या रविवारी चर्चला गेलात आणि दुसऱ्या रविवारी चर्च झाल्यावर थेट गावी, आबांच्या दारात. आबा म्हणजे यांचे चुलते. यशवंताचे हयात असलेले धाकटे चिरंजीव. माझे सासरे तेव्हा होते, तेही तिथंच सोप्यात, बाहेरच्या पडवीत, बसले होते. रविवार म्हणून आम्हीही गावी होतो, तुम्ही आमच्या मागच्या गल्लीत आल्याचं आम्हाला ठाऊकही नव्हतं. मी आत चहा टाकत होते. तुमचा आवाज ऐकून बाहेर आले, कारण मला वाटलं गावातलीच कुणी म्हातारी आली. आफ्रिकेत जन्मलेली बाई आणि "मी आलो, मी जातो" असं आमच्या आज्यांसारखं बोलत होती. आमच्या मुलांना ते बोलणं येत नाही. शाळेत आम्हीच ते मोडून काढलं.

"काका, मी सखारामाची नात. रूथ." तुम्ही वाकून पायाला हात लावलात. "वळखलासा का?"

आबांनी पाय आखडून घेतले. चुना काढला, तंबाखू मळली. मग म्हणाले, "बसा पावणं. च्या घेनार का?"

आमच्याकडे रस्त्यात वाट विचारणाऱ्याला पावणं म्हणतात, बसमध्ये धक्का लागला तरी "सरका की पावणं" म्हणतात. शब्द गोड आहे. पण घरच्या माणसाला तो लावला, तर त्याच्यासारखा अपमान नाही. तुम्ही चहा घेतलात. बशीत ओतून, फुर्रकन आवाज करत. मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वन्सं, साखर बरी हाय न्हवं?" खरं सांगते, ते मी प्रेमानं म्हटलं नव्हतं. आबांची खोडी काढायची म्हणून म्हटलं होतं. सासऱ्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. तुम्ही मात्र माझ्याकडे असं बघितलंत की मला माझ्याच आगाऊपणाची लाज वाटली. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या वन्सं झालात, आणि मग ते कधी खरं होऊन बसलं ते मला कळलंही नाही.

नंतर अकरा वर्षं दर बेंदराला, दर दिवाळीला तुम्ही तिथं जात राहिलात. दर वेळी तेच, "बसा पावणं." मी चिडायची. "कशाला जाता? काय अडलंय तुमचं?" तुम्ही म्हणायचात, "माजं घर हाय की." बास. पुढं बोलायची सोय नाही. ओंकारला, आबांच्या नातवाला, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीची मुलाखत होती, तर तुम्ही महिनाभर त्याच्याकडून इंग्रजी घोटून घेतलंत. नोकरी लागली. आबांनी पेढे पाठवले. पुड्यावर लिहिलं होतं, "मॅडम यांस." तुम्ही तो पुडा पसरून, घडी घालून ठेवलात. मी असते तर चुलीत घातला असता.

आणि मामंजी गेले तेव्हाचं सांगू? चार वर्षं झाली. आम्ही सगळी गावी होतो. तुम्ही आलात आणि रस्त्यावरच थांबलात, चपला काढून, उन्हात. आत यायला कुणी सांगितलं नाही आणि मी रडणाऱ्या बायकांतून उठू शकले नाही. तिरडी गेल्यावर बघितलं, तर तुम्ही नव्हतात. पंधरा दिवसांनी मी कोल्हापूरला आले, तर तुमच्या घरमालकीण मला म्हणाल्या, "मॅडमची तब्येत बरी नव्हती का हो? दहा दिवस फोडणीचा वास आला नाही." मी धावत तुमच्याकडे आले. विचारलं, "उपास होता का?" तुम्ही वही तपासत होतात, मान वर न करता म्हणालात, "चुलता गेला की माजा."

मला त्या दिवशी रडू आवरेना. तुम्ही ख्रिस्ती. सुतकावर तुमचा काडीचा विश्वास नाही. पाळकांना कळलं असतं तर त्यांनी समजूत घातली असती. मी तेच विचारलं. तुम्ही म्हणालात, "माजा इश्वास सुतकावर न्हाय गं, नात्यावर हाय. त्येंच्या भाशेत सांगितल्याबिगार त्येंना कळणार कसं?" आणि सांगितलं होतंत कुणाला? कुणालाच नाही. मीच जाऊन आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "तिची हौस."

हे लिहिताना पुन्हा डोकं तापतंय. तिची हौस! वन्सं, मी या भावकीत आले ती तेहतीस वर्षांपूर्वी, डोक्यावर चार अक्षता पडल्या म्हणून. एका दुपारीत माझं आडनाव बदललं, नाव बदललं, कुलदैवत बदललं, सुतक बदललं. माझे आईवडील गेले तेव्हा मला तीनच दिवस धरायला सांगितलं, आणि ज्यांचं तोंडही बघितलं नव्हतं अशा चुलत सासऱ्यांचे दहा. याला कुणी बाटणं म्हणालं नाही. हळद लावून, वाजतगाजत केलं. माझ्या अंगात या घराच्या रक्ताचा थेंब नाही, तरी मी भावकीतली. तुमच्या अंगात सगळं यांचंच, आणि तुम्ही पावणं. हा हिशेब मला कुणीतरी समजावून सांगा, मी गणित शिकवलंय आयुष्यभर.

पण तुमचीही बाजू सगळी धुतलेली नव्हती, हेही आज म्हणू द्या. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं हे तुम्हाला पटायचं नाही. सखारामाची आई. तुमची आणि यांची पणजी. तिच्यावरून आपलं शेवटचं भांडण झालं. तुम्ही सखारामाच्या धाडसाचं सांगत होतात आणि मी म्हटलं, "धाडस कबूल. पण त्याची आई? पुतळा जाळला तेव्हा ती घरात होती. पोरगा जिवंत आहे हे माहीत असून तिनं दहा दिवस बिनफोडणीचं खाल्लं. नंतर तो बोटीत बसून गेला, एकदा गावाच्या वेशीपर्यंतसुद्धा न येता. नव्या मुलखात नवीन घर, नवीन बायको. तिला काय मिळालं? तिच्यावर कुणी गाणं म्हणत नाही."

तुम्ही भिंतीला टेकून बसलात. मग म्हणालात, "त्येचं उत्तर माज्याकडं हाय. पर आज न्हाय सांगत. दम लागतोय."

दम लागतोय हे तुम्ही खरं म्हणालात, आणि मला वाटलं तुम्ही विषय टाळताय. मी तरातरा उठून गेले. आठ दिवस आले नाही, आणि मग तुम्हाला दवाखान्यात ठेवल्याचंच कळलं. ते उत्तर काय होतं, वन्सं? सखारामानं पत्रं पाठवली होती का? ती कुणी तिला वाचून दाखवली नाहीत का? की तुमच्याकडे उत्तर नव्हतंच, आणि तुम्ही मास्तरणीची जुनी युक्ती केलीत, उद्या सांगते म्हणायची? आता मी दोन्ही उत्तरं घेऊन बसलेय. माझी चूक मला कबूल आहे. तुमचा दम ऐकायला पाहिजे होता.

मंगळवारी सकाळी तुम्ही गेलात. मी पेजेचा डबा घेऊन दवाखान्याचा जिना चढत होते. यांनी तिथूनच आबांना फोन केला. आबा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. बुधवारी दफन झालं. चर्चची माणसं होती, तुमच्याकडे इंग्रजी शिकलेली मुलं होती, आणि भावकीतले आम्ही दोघं. यांनी खांदा दिला. शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं लोखंड ओतणारा माणूस, खांदा बदलायला तयार होईना.

त्याच संध्याकाळी विलासभावजींचा फोन आला. विलासभावजी आबांचा मुलगा, ओंकारचे वडील. ओंकारचं लग्न पुढच्या बुधवारी, म्हणजे तुमच्या नवव्या दिवशी होतं. ओंकारची आई नाही. म्हणून देवकाला आम्ही दोघांनी बसायचं, हे दोन महिन्यांपूर्वी ठरलेलं. भावजी चाचरत म्हणाले, "वैनी, आबा म्हनत्यात सुतक न्हाय. लगीन ठरल्या दिवशीच. तुमी सोमवारी या म्हंजे झालं."

मी म्हटलं, "आमच्या घरात सुतक आहे. सुतकात देवकाला बसता येत नाही."

"पर आबा म्हनत्यात..."

"आबा म्हणोत."

फोन ठेवला. बोलून गेले खरी, पण मी एकटी कोण? सुतक माझ्या नवऱ्याचं, मी त्याच्या मागून. त्यांनी दाढी करून देवकाला बसायचं ठरवलं असतं, तर माझं सुतक म्हणजे नुसता रुसवा. मी यांना काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आरशासमोर गेले, गालावरून हात फिरवला, आणि दाढीचं सामान उचलून कपाटात वर ठेवून दिलं. वन्सं, तेहतीस वर्षांत मला हा माणूस इतका देखणा कधी दिसला नव्हता.

शनिवारी आबांनी बोलावणं धाडलं. आम्ही गाडीवरून गेलो. दारात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. मी पायरीखालीच थांबले.

"वर या की," आबा म्हणाले.

"नको आबा. सुतकी माणसानं लग्नघरात पाय ठेवू नये."

"कसलं सुतक? कुनाचं?"

"वन्संचं."

आबा आमच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे. त्यांच्यासमोर मी कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. आबांचा आवाज चढला, "ज्येनं देव सोडला त्येनं भावकी सोडली. माज्या बापानं सोताच्या हातानं त्येला अग्नी दिला. त्यो विषय तितंच मिटला!"

"जित्या माणसाचं सुतक धा दिवस पाळलंसा," मी म्हटलं. माझ्या तोंडी आपोआप तुमची बोली आली. "मग खरंच मेलेल्या माणसाचं पाळायला काय जातंय?"

"सूनबाई, तोंड आवर."

"वन्संचं लगीन झालं न्हवतं. लगीन झालेली लेक परक्याची, बिनलग्नाची बापाच्या घरची. ह्यो नेम माजा न्हाय, तुमचाच हाय."

तेव्हा हे बोलले. एकच वाक्य. "आबा, मी खांदा दिलाय."

आबा मान झटकून म्हणाले, "दिला आसशील. तुजी मर्जी. पर ती आमची कोन न्हवती."

आतून काकी आल्या. आबांची बायको. हातात सूप, सुपात अक्षतांचे तांदूळ. तुम्हाला माहीत आहे, ही बाई अकरा वर्षांत तुमच्याशी चार वाक्यं धड बोललेली नव्हती. दरवाजाच्या चौकटीला टेकून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "कोन न्हवती? मग मंगळवारी फोन ठिवल्या ठिवल्या न्हाणीत जाऊन धोतरासकट डोस्क्यावर घागर का वतून घेतलीसा?"

भावकीतलं माणूस गेल्याचं कळलं की अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. विचार करून कुणी ती करत नाही. पाय आपोआप न्हाणीकडे वळतात.

"उकडत हुतं," आबा म्हणाले.

"सकाळी आट वाजता? माघाच्या थंडीत?" काकी म्हणाल्या. "पावन्याच्या मरणाला कोन पानी घेत न्हाय. साठ वर्सं बघत आलोय मी, तुमी कुनाला घेतासा आन् कुनाला न्हाय."

आबा खाली बसले. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, लहान मुलासारखा. "ती आपली म्हनली, तर मग माज्या बापानं काय केलं म्हनायचं?"

वन्सं, मला तेव्हा कळलं. अकरा वर्षं आबा तुमच्याशी भांडत नव्हते. तुम्हाला एकदा घरचं म्हटलं असतं, तर त्यांच्या बापानं जित्या भावाला जाळलं असं ठरलं असतं. म्हणून ते तुम्हाला चहा पाजायचे, पेढे पाठवायचे, पण नातं द्यायचे नाहीत. मला त्यांची दया आली. आणि दया आली म्हणून माझा राग कमी झाला असं मुळीच नाही.

काकींनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "त्येंनी केलं ते केलं. तुमी आंघूळ केलीसा न्हवं?"

आबांनी बांबूंजवळ उभ्या असलेल्या विलासभावजींकडे बघितलं. मग म्हणाले, "विलास, भटजीला फोन लाव. म्हनावं सुतक हाय. फुडची तारीख बग."

पत्रिका गावभर गेलेल्या. घरोघरी कारण सांगायला लागलं. लोकांनी तोंडात बोटं घातली, काहींनी आबांना वेड्यात काढलं. ओंकारनं मला फोन करून सांगितलं, "काकू, बरं झालं. म्याडमचं सुतक आसताना मला बोहल्यावर उभारवलं नसतं." मुलीकडच्यांनी जरा कुरकुर केली आणि मग पुढच्या पंधरवड्यातली तारीख धरली.

दहाव्या दिवशी पिंड वगैरे काही केलं नाही. ते तुम्हाला चाललं नसतं आणि तुमच्या देवालाही नाही. पण भावकीतले पुरुष घरटी एक असे नदीवर जमले, दाढी करून अंघोळ करायला. आम्ही बायका घरीच होतो, म्हणून पुढचं मला यांच्याकडून कळलं. आबा सगळ्यांत आधी बसले. न्हावी नवीन होता, वडगावात त्याचं सलून आहे, त्याला भावकीचा इतिहास ठाऊक नाही. त्यानं साबण लावता लावता विचारलं, "आबा, कोन गेलं?"

आबा म्हणाले, "पुतणी."

हे घरी आले आणि दारातच उभं राहून त्यांनी मला तो शब्द सांगितला. दहा दिवस मी रडले नव्हते. भांडायचं होतं ना, रडायला सवड कुठली? त्या दिवशी रडले. मनसोक्त.

आणि रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि मला पुन्हा संताप आला. अकरा वर्षं तुम्ही त्या सोप्यात बसून एवढ्या एका शब्दाची वाट बघितलीत. त्यांनी तो एका न्हाव्याला दिला. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "जाऊ दे गं, दिला की." तुम्हाला पुरला असता. मला पुरत नाही. येत्या पंधरवड्यात लग्न आहे आणि देवकाला आम्हीच बसायचं आहे. मी जाणार आहे. नवी साडी नेसून जाणार, आबांच्या पाया पडणार, आणि सगळ्या भावकीसमोर विचारणार: आबा, ती जिवंत होती तेव्हा का नाही?